हिर्डोशीचे बेचाळीस डबे

१

डबे जागच्या जागी होते, डब्यांत दाणे होते, डब्यांवर नंबर होते. नव्हती ती फक्त नावं.

१९७९ सालच्या जानेवारीत भोरच्या डोंगरी भातवाण मंडळात हा प्रकार उघडकीस आला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून भाताची जुनी बियाणी गोळा करायची, ती टिनाच्या डब्यांत भरायची आणि डब्यावर नुसता नंबर टाकायचा, हे मंडळाचं काम. कुठलं वाण, कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, ही माहिती राहायची कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर म्हणजे पुण्याच्या एका कारखानदारानं वापरून झाल्यावर दान केलेलं कपाटाएवढं धूड. ते आलं त्या दिवशी मंडळाच्या थोर माणसांनी त्याला हार घातला आणि नारळ थेट त्याच्या डोक्यावर फोडायला काढला. किकवीहून एसटीनं येणारा प्रोग्रामर सोपान मळेकर मध्ये आडवा पडला, म्हणून पहिल्याच दिवशी त्या यंत्राचं तेरावं घालायची वेळ आली नाही.

तर डबा क्रमांक ६११ ते ६५२, म्हणजे हिर्डोशी आणि तिच्या वाड्यांमधले बेचाळीस नमुने, यांची एकही नोंद कॉम्प्युटरमध्ये सापडेना. नमुने आणणारा आणि नोंदणारा सावळाराम रोकडे हा हिर्डोशीचाच तरुण. वाड्यावाड्या पायी हिंडून त्यानं ते जमवले होते. तो म्हणत होता, सोमवारी आठ तारखेला सकाळी बसून मी सगळ्या नोंदी टाइप केल्या, यंत्रानं ‘जतन झाले’ असं सांगितलं, मग मी उठलो. मूळ कागद दाखव म्हणावं तर ते त्यानं फाडले होते. फाडायचेच असा नियम होता. ‘यंत्र आले, कागद गेला’ अशी पाटी सचिव मानसिंगरावांनी स्वतः रंगवून घेतली होती.

मानसिंगरावांनी निकाल लावायला अर्धा तास घेतला. सावळाराम हिर्डोशीला गेलाच नाही, भोरच्या बाजारातून मूठमूठ दाणे घेऊन त्यानं डबे भरले, आणि लिहायला खरी नावं नव्हती म्हणून नोंदी केल्याच नाहीत. त्याला कामावरून थांबवलं, ‘बनावट नमुने’ असा कागद हिर्डोशीच्या चावडीवर लावला, आणि शनिवारच्या सभेत कायमचं काढून टाकायचं ठरवलं. अध्यक्ष बाजीराव मात्र जरा भित्रे होते. उद्या कुणी विचारलं तर चौकशी झाली असं सांगता यावं, म्हणून त्यांनी आनंदराव दिघ्यांना बोलावलं.

आनंदरावांनी एका सरकारी दप्तरखान्यात पस्तीस वर्षं जुने गठ्ठे सांभाळले होते. माणसांपेक्षा गठ्ठ्यांवर त्यांचा जीव, कारण गठ्ठा विचारल्याशिवाय बोलत नाही. गाव त्यांना नाना म्हणायचं आणि शक्यतो रस्ता बदलायचं. मूर्ख माणसं जवळून बघायला मिळतील एवढ्याच आशेनं त्यांनी हे काम पत्करलं.

पहिल्यांदा त्यांनी सावळारामाला बोलावलं. तो व्हरांड्यातच उभा राहिला.

“आत ये. उन्हात उभा राहून कुणी खरा ठरत नाही,” आनंदराव म्हणाले.

“नाना, मला दोनच गोष्टी सांगायच्या हायेत,” तो म्हणाला. “फाईल उघडली तवा म्या कुलूप लावलं व्हतं. दहा वाजून वीस मिन्टांनी. आन बारा वाजून धा मिन्टांनी उठलो, तवर काढलं न्हाई.”

आनंदरावांनी समोरचा कागद उलगडला. यंत्राला जोडलेल्या छपाईयंत्रातून आपोआप निघणारी ती हजेरीची गुंडाळी होती. त्यावर कुलूप लागल्याची वेळ १०.२० होती. आणि खाली तितक्याच स्वच्छ अक्षरांत छापलं होतं : टेबल एक, कुलूप काढले, ११.०५.

२

“हे कुलूप म्हणजे नेमकं काय भानगड आहे?” आनंदरावांनी सोपानला विचारलं. “इंग्रजी कमी, मराठी जास्त.”

सोपान हुशार होता, पण त्याला स्वतःच्या हुशारीची फार काळजी असायची. त्यानं हॉलमधली तीन टेबलं दाखवली. प्रत्येकावर टाइपरायटरसारखी कळपट्टी आणि काच. तिन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडलेली.

“नाना, सगळ्या वाणांची मिळून फाईल एकच आहे. टेबलावरच्या माणसाला काम करायचं असलं की प्रोग्राम त्या अख्ख्या फाईलची एक नक्कल त्याच्यापुढं आणतो. तो तिच्यात भर घालतो. काम झालं की जतन म्हणतो, आणि ती अख्खी नक्कल जुन्या फाईलच्या जागी जाऊन बसते.”

“आणि दोन टेबलांनी एकाच वेळी नक्कल घेतली तर?”

“तर पहिला स्वतःची भर घालून ठेवील. दुसऱ्याच्या नकलेत ती भर नसणार, कारण त्यानं आधीच नक्कल घेतलेली. तो मागाहून जतन म्हणाला की पहिल्याचं सगळं काम गाडलं जाणार. कुणी पुसायलाही नको. म्हणून तर लॉक! फाईल घेण्याआधी प्रोग्राम विचारतो, कुणाचं लॉक आहे का? असलं तर थांबतो. नसलं तर आपलं लावतो आणि मगच नक्कल घेतो.”

आनंदराव कोरडं हसले. “यासाठी विलायती यंत्र आणलंत? आमच्या दप्तरखान्यात एक खुंटी होती. गठ्ठा घ्यायचा तर स्वतःची टोपी खुंटीला लावायची. टोपी दिसली की दुसऱ्यानं त्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. बोडक्या डोक्यानं बाजारातून घरी जायची लाज, म्हणून गठ्ठा वेळेवर परत यायचा.”

बोलताबोलता ते थांबले. सावळारामाच्या बापाची टोपी त्या खुंटीला लावू दिली असती का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. दिली नसती, आणि नाही म्हणणाऱ्यांत आनंदराव दिघेही असते. स्वतःचाही त्यांना तिटकाराच आला, पण तो त्यांनी नंतरसाठी ठेवून दिला.

“कुणी न विचारताच आत घुसलं तर? हे कुलूप आडवं येतं का?”

“नाही,” सोपाननं कबूल केलं. “विचारणाऱ्यालाच ते अडवतं. पण आपले सगळे प्रोग्राम मीच लिहिलेत, आणि सगळे विचारतात.” त्यानं हजेरीवर बोट ठेवलं. “हे बघा. टेबल एक, लावलं १०.२०, काढलं ११.०५. टेबल दोन, लावलं ११.१५, काढलं १२.४०. एक गेल्यावर दुसरं आलंय. यंत्र खोटं बोलत नाही, नाना. सावळाराम पाऊण तास बसला, काही न टाइप करता उठला.”

“टेबल दोनवर कोण होतं?”

“कमळाबाई.” सोपाननं आवाज खाली आणला. “पुढच्या महिन्यात कायमची जागा एकच निघतेय. एक तर त्यांना, नाही तर सावळारामाला.”

३

कमळाबाई धुमाळ तिशी उलटलेल्या, भोरमधल्याच. पासली गावच्या नमुन्यांच्या तीस नोंदी त्यांनी त्या सोमवारी केल्या होत्या आणि त्या तीसच्या तीस फाईलमध्ये सुखरूप होत्या. त्या बसल्या त्याच मुळी पदर खोचून.

“मला ठाऊक आहे गावात काय बोलतात ते. मी त्याच्या नोंदी पुसल्या म्हणे! मला जागा हवीच आहे, नाना, खोटं कशाला बोलू? पण पुसायचंच असतं तर बेचाळीस कशाला, दोन-चार पुसल्या असत्या. बेचाळीस गेल्यावर बोंब होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं.”

आनंदरावांना हे आवडलं. मंडळात शिरल्यापासून डोकं वापरून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

“फाईल तुम्हाला कधी मिळाली?”

“साडेदहापासून मागत होते. यंत्र म्हणत होतं, थांबा, टेबल एकचं कुलूप आहे. सव्वाअकराला मागितली आणि मिळाली. मी काही आडदांडपणा केला नाही.”

“म्हणजे सावळाराम तेव्हा उठून गेला होता.”

“छे! तिथंच तर होता. त्याची खटखट चालूच होती. बारा वाजून गेले तरी चालू होती. मला वाटलं, फाईल सोडून दिली असेल आणि दुसरं काही पत्रबित्र टाइप करत असेल.”

“हे तुम्ही मानसिंगरावांना सांगितलं नाही?”

“त्यांनी विचारलं, तुम्ही कुलूप रीतसर लावलं होतं का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, झालं, बसा.”

असं असतं. ज्याला उत्तर आधीच पाठ असतं तो प्रश्न एकच विचारतो. आनंदरावांनी कागदाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. सावळाराम म्हणतो, मी कुलूप काढलं नाही. कमळाबाई म्हणतात, कुलूप नव्हतं. मंडळातल्या शहाण्यांनी यातली एक खोडून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. पण ही दोघं तर खोटं बोलण्यासारखी दिसत नव्हती. दोघंही खरं सांगत असतील, तर अकरा वाजून पाच मिनिटांनी सावळारामाचं कुलूप त्याच्या नकळत कुणी काढलं?

४

मानसिंगरावांच्या खोलीत गालिचा होता, पंखा होता आणि मानसिंगरावांचे स्वतःचे तीन फोटो होते.

“उगाच खोलात जाताय, आनंदराव,” ते म्हणाले. “कागद बोलतोय ना? काही लोकांना खुर्ची दिली की खुर्चीची किंमत राहत नाही. मी कुणा एकाबद्दल बोलत नाही हं.”

कुणाबद्दल बोलताय ते सगळ्या तालुक्याला कळलं, असं आनंदरावांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, कारण अजून विचारायचं बाकी होतं. “सोमवारी सकाळी तुम्ही हॉलमध्ये होता का?”

“मी? पाऊलही ठेवलं नाही. आणि ठेवलं असतं तरी कळांना हात लावायचा संबंध काय? नियम माझाच आहे.” त्यांनी दाराकडं बोट केलं. तिथं पाटी होती : ऑपरेटरखेरीज कोणीही कळांना स्पर्श करू नये. आज्ञेवरून, सचिव.

चहा आला. मानसिंगराव त्यांना मिळालेल्या मानपत्राची हकिकत सांगू लागले. आनंदरावांनी कान बंद केले आणि सवयीनं हाताशी असलेली वही चाळायला घेतली. ती पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही होती. भोर तालुक्यात कुणी बडा माणूस आला की त्याला हे यंत्र पाहावं लागे आणि पाहून धन्य व्हावं लागे. जवळजवळ प्रत्येक पानावर कुणी ना कुणी धन्य झालेलं होतं.

आठ जानेवारीच्या पानावर साताऱ्याकडच्या कुणा पुढाऱ्यानं लिहिलं होतं : ‘सकाळी अकरा वाजता यंत्र पाहिले. श्री. मानसिंगरावांनी स्वहस्ते एक कळ दाबून क्षणार्धात एकूण वाणांची संख्या काचेवर आणली. धन्य वाटले.’

आनंदरावांनी वही मिटली. “साखर जरा कमी आहे,” एवढंच म्हणून ते उठले आणि बाहेर आले.

सावळाराम पायरीवर बसला होता.

“त्या सकाळी तुला खुर्चीवरून कुणी उठवलं होतं?”

“न्हाई, नाना. जाग्यावरून हाललो न्हाई म्या.”

“नीट आठव. पाहुणे आले होते.”

“त्ये व्हय?” सावळारामाला नवल वाटलं. “पावनं आलं का सायेब उठवत्यातच. दोन मिन्टं भिताडाला टेकून हुबा ऱ्हायाचं. त्ये झलक का काय म्हनत्यात ती कळ दाबत्यात, आकडा दावत्यात, जात्यात. त्याला काय उठनं म्हनायचं? रोजचंच हाय.”

“मग सांगितलं का नाहीस, गाढवा?”

“इचारलं कुनी?” तो म्हणाला. “आन सांगितलं असतं, तर सायबानं कळ दाबली ह्ये माझ्या तोंडचं कुनी खरं मानलं असतं?”

आनंदराव वळले आणि सोपानला गाठायला हॉलकडं निघाले.

५

“झलक?” सोपान हसलाच. “तिच्यानं काही होत नाही हो, नाना. ती फक्त वाचते. फाईल उघडते, मोजते, बंद करते. लिहीत काहीच नाही.”

“कुठली फाईल उघडते? सावळाराम काम करत होता तीच?”

“तीच. पण पुन्हा वेगळी उघडते. त्याच्या नकलेला धक्कादेखील लागत नाही.”

आनंदराव खुर्चीत मागं टेकले. “तुला आमच्या दप्तरखान्याची एक गंमत सांगतो. गेनू आणि दादू असे दोघे भाऊ होते. दोघांत मिळून बाहेर घालायची टोपी एक. गेनूनं ती खुंटीला लावली आणि गठ्ठा घेऊन आत खिडकीशी बसला. मागून दादू आला, गेनूच्या खांद्यावरून वाकून त्याला हवी होती ती एक ओळ वाचली आणि निघाला. जाताना सवयीनं खुंटीवरची टोपी घालून गेला. आपलं काम झालं, घरची टोपी घरी. तिसरा आला, खुंटी मोकळी, म्हणून गठ्ठ्याला हात घातला, आणि आत गेनूशी त्याची झोंबाझोंबी. गेनू शपथ घेऊन सांगे, मी टोपी लावली होती. तिसरा शपथ घेऊन सांगे, खुंटी मोकळी होती. दोघंही खरे.”

“पण इथं टोपी...”

“टोपी माणसाची नव्हती, घराची होती. आता मला सांग, तुझं हे कुलूप कुणाचं? एका कामाचं की टेबलाचं?”

सोपान उठला, कपाटातून उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि पानं उलटू लागला. पुस्तक यंत्राबरोबरच आलं होतं. त्याची निम्मी पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, आणि हवं होतं ते पान नेमकं चिकटलेल्यांत निघालं. ते त्यानं पट्टीनं सोडवलं.

“टेबलाचं,” तो हळूच म्हणाला. “एखाद्या टेबलानं फाईल कितीही वेळा उघडलेली असू दे, त्यातली कुठलीही एक बंद केली की त्या टेबलाची त्या फाईलवरची सगळी कुलपं निघतात. असंच लिहिलंय. झलक फाईल बंद करते, आणि सावळारामाचं कुलूप...”

“दादूच्या डोक्यावर बसून घरी जातं.”

“आणि बारा-दहाला त्यानं जतन केलं तेव्हा काढायला कुलूपच उरलं नव्हतं, म्हणून हजेरीवर काही छापलं गेलं नाही!” सोपाननं कपाळावर हात मारला. “त्याच्या बेचाळीस नोंदी फाईलमध्ये गेल्या होत्या, नाना. अर्धा तास होत्या. कमळाबाईंनी त्याच्या आधीच नक्कल घेतलेली. बारा-चाळीसला त्यांनी ती ठेवली आणि बेचाळीसच्या बेचाळीस खाली गाडल्या गेल्या.”

आनंदरावांचा एवढ्यावर विश्वास बसला, पण ते दप्तरी माणूस. त्यांनी पाहुण्यांची वही मागवली आणि मागच्या दोन महिन्यांची हजेरी तिच्याशेजारी पसरली. वहीत टेबल एकवर धन्य झालेले सहा पाहुणे होते. सहाही वेळा, पाहुण्याच्या वेळेला, टेबल एकचं कुलूप निघालेलं होतं. पाच वेळा दुसरं कुणी फाईल मागायला आलं नाही, म्हणून निभावलं. सहाव्या वेळी कमळाबाई वाट बघत बसलेल्या होत्या.

“हे सभेत कुणाला समजायचं नाही,” सोपान म्हणाला.

“समजावून सांगायचंच नाही. करून दाखवायचं. आणि आपण नाही करायचं.”

६

शनिवारी सभा हॉलमध्येच भरली. आनंदरावांनी मानसिंगरावांना विनंती केली, आपल्यासारख्या जाणकारानंच यंत्र चालवून दाखवावं. असल्या विनंतीला मानसिंगराव नाही म्हणणं शक्य नव्हतं. सावळारामाच्या खुर्चीत ते ऐटीत बसले. सोपाननं सांगितल्याप्रमाणे कुलूप लावलं, फाईल घेतली आणि एका नव्या वाणाची नोंद टाइप करायला घेतली. वाणाचं नाव काय घालू, असं त्यांनी विचारलं.

“तुमचंच घाला की,” आनंदराव म्हणाले.

त्यांनी हौसेनं घातलं.

“आता अध्यक्ष पाहुणे आहेत असं समजा. त्यांना वाणांची संख्या दाखवा, नेहमी दाखवता तशी.”

मानसिंगरावांनी झलकेची कळ दाबली. आकडा आला. बाजीरावांनी सवयीनं मान डोलावली. त्याच क्षणी छपाईयंत्र खडखडलं आणि हजेरीवर ओळ उमटली : टेबल एक, कुलूप काढले.

“मी काढलं नाही!” मानसिंगराव म्हणाले.

“सावळारामही हेच म्हणत होता,” आनंदराव म्हणाले. “कमळाबाई, मागा फाईल.”

कमळाबाईंना फाईल मिळाली. त्यांनी एक नोंद घातली. मानसिंगरावांनी जतन केलं, यंत्रानं ‘जतन झाले’ म्हटलं. मग कमळाबाईंनी जतन केलं. सोपाननं यंत्राला मानसिंगरावांचं नाव शोधायला लावलं. यंत्र जरा घुरघुरलं आणि काचेवर अक्षरं आली : अशी नोंद नाही.

मग आनंदरावांनी अभिप्रायांच्या वहीतलं आठ तारखेचं पान मोठ्यानं वाचलं, ‘स्वहस्ते’ या शब्दासकट.

“म्हणजे दोष यंत्राचा!” मानसिंगराव उठून उभे राहिले. “हे सोपाननं आधी सांगायला नको? मला काय कल्पना?”

“कल्पना नव्हती, मान्य,” आनंदराव म्हणाले. “पुस्तकाची पानं न फोडणारा सोपान मूर्ख, त्यानं ते कबूल केलंय. कळ दाबली हा तुमचा मूर्खपणा, तोही सोडून देऊ. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, पाऊल ठेवलं नाही. का? तर स्वतःच लावलेली पाटी स्वतःच मोडली, हे कबूल करायची लाज वाटली. तेवढ्या लाजेपायी एक माणूस चावडीवर खोटा ठरला तर ठरू दे! पस्तीस वर्षांत मी कसर लागलेले गठ्ठे पाहिले, मानसिंगराव. कसर निदान पोटासाठी खाते.”

बाजीराव घाईघाईनं म्हणाले, “झालं गेलं. सावळारामनं सोमवारपासून कामावर यावं. ठराव मंजूर.”

“मी येतो,” सावळाराम दारातून म्हणाला. “पन नावं कशी आनायची? कागद फाडल्यात. डब्यांतला दाना ज्याच्या घरचा त्यालाच वळखू येतो. बेचाळीस घरं परत हिंडावी लागतील. आन चावडीवर तो कागद हाय. मी दारात गेलो तर मला कोन हुबं करंल?”

आनंदरावांनी मानसिंगरावांकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.

“डबे सचिव घेऊन जातील,” आनंदराव म्हणाले. “स्वहस्ते.”

७

हिर्डोशीला जाणारी एसटी दिवसाला एक. तीही फाट्यावर सोडून देते. तिथून चढाची पायवाट. मानसिंगरावांच्या खांद्यावर डब्यांची पिशवी होती, तिचा पट्टा टोचत होता आणि पायांत भोरच्या पेठेतले बूट होते. सावळाराम पुढं चालत होता. आनंदरावांना गुडघ्यांचा त्रास होता, पण हा प्रवास चुकवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिलं घर फुलाबाईंचं. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. सावळारामाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, पण या म्हणाली नाही.

मानसिंगरावांनी ६११ नंबरचा डबा पुढं केला. तिनं चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला.

“ही आमची तांबसाळ. माझ्या सासूपासनंची.” तिनं सावळारामाकडं पाहिलं. “तू लिवून न्हेलं व्हतंस की रं. चावडीवर कागद लागला, तवा मला वाटलं, म्या दिलेलं दानंच खोटं निघालं. दोन दिस अन्न ग्वाड लागलं न्हाई. आता परत कशापायी आला? आन ह्ये कोन?”

सावळाराम बाजूला सरला. आनंदराव ओट्यावर बसून तळपाय चोळत होते.

मानसिंगरावांनी दोघांची वाट पाहिली. कुणी सोडवायला येईना, तेव्हा ते पुटपुटले, “मी मंडळाचा सचिव. नावं माझ्या हातून गेली. सावळाराम खरं सांगत होता. दाणेही खरे होते.”

फुलाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मोठ्यानं बोला,” ती म्हणाली. “पलीकडच्या दारात माझी जाऊ बसली हाय. तिचाबी डबा हाय तुमच्याकडं. तिला कमी ऐकू येतं.”

मानसिंगरावांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.